जुन्या गाडीत फ्युएल इंजेक्शन बसवताय? मग वायरिंग गोव्याच्या हवेत टिकेल असं करा

घरी कार्बोरेटरवाली पद्मिनी, मारुती ८००, जिप्सी, कॉन्टेसा असं काही असेल आणि तिला आफ्टरमार्केट फ्युएल इंजेक्शन करायचं मनात असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. किट कुठलं घ्यायचं, इंजेक्टर केवढा लावायचा, मॅप (कधी किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता) कोण करून देणार यावर सगळे तासन्तास बोलतात आणि वायरिंगचा विषय आला की "ते वायरमन बघेल" म्हणून सोडून देतात. मग गाडी भर पावसात पर्वरीच्या चढावर बंद पडते आणि खापर फुटतं ईसीयूवर, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर. मी बघितलेल्या अशा गाड्यांत ईसीयू बहुतेक वेळा ठणठणीत होता, गडबड असायची एखाद्या अर्थिंगमध्ये, ढिल्या क्रिंपमध्ये (वायरीवर दाबून बसवलेल्या टर्मिनलमध्ये), नाहीतर चुकीच्या जागेवरून घेतलेल्या सप्लायमध्ये. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की किटवर दोन पैसे कमी गेले तरी चालतील पण वायर, कनेक्टर आणि क्रिंपिंगचा पाना यात काटकसर करू नका.

इथे मी मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनो टाइपचा स्वतंत्र ईसीयू धरून लिहितोय, उदाहरणाला चार सिलिंडरची जुनी पद्मिनी. कार्बोरेटरच्या जागी सरळ बसणारी, इंजेक्टर आतच असलेली थ्रॉटल बॉडी घेतलीत तरी तत्त्वं सगळी तीच, फक्त वायरी कमी.

कागदपत्रांचं आधीच बघून घ्या. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या माहितीत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, त्यामुळे काम सुरू करायच्या आधी आपल्या तालुक्याच्या आरटीओत जाऊन विचारून या. आणि गाडी ५० वर्षांच्या वरची असेल, व्हिंटेज म्हणून नोंद करायची असेल, तर थांबाच. २०२१ च्या नियमांत गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा अशी अट आहे. जीडी (गोवा, दमण, दीव एकत्र असतानाच्या) नंबरची एखादी जुनी मूळ अवस्थेतली गाडी असेल तर तिला कार्बोरेटरवरच राहू द्यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी चार्जिंग तपासा

कार्बोरेटरच्या गाडीला करंट फारसा लागतच नाही, कॉइल आणि दिवे झाले की संपलं. इंजेक्शनमध्ये पेट्रोल पंप एकटाच ५ ते ८ अँपियर सतत खातो, वर इंजेक्टर, ईसीयू, ऑक्सिजन सेन्सरचा हीटर आणि रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा लावला असेल तर तो वेगळाच. जुन्या गाडीत अजून डायनामो असेल तर पहिलं काम म्हणजे तो काढून अल्टरनेटर बसवणं, याला पर्याय नाही. डायनामो आयडलला जवळजवळ काहीच देत नाही. पावसाळ्यात रात्री म्हापशाच्या ट्रॅफिकमध्ये हेडलाइट, वायपर सगळं चालू ठेवून गाडी उभी असली की व्होल्टेज खाली येतं, व्होल्टेज कमी झालं की इंजेक्टर उघडायला जास्त वेळ घेतो, म्हणजे तेवढ्याच पल्समध्ये पेट्रोल कमी पडतं, इंजिन लीन होऊन झटके देतं. ईसीयूमध्ये बॅटरी व्होल्टेजप्रमाणे करेक्शन असतं पण त्यालाही मर्यादा आहे. अल्टरनेटरवर गाडी चालू असताना बॅटरीला साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत, सगळे दिवे लावूनसुद्धा १३ च्या वर राहिले पाहिजेत.

अजून एक, खूप जुन्या काही ब्रिटिश गाड्यांना प्लस अर्थ असायचा. बॅटरीचा कुठला खांब बॉडीला जोडलाय ते डोळ्यांनी बघा. प्लस असेल तर आधी ते बदलून घ्यायचं, नाहीतर ईसीयू पहिल्याच सेकंदाला जळेल.

प्लस कुठून घ्यायचा

जुन्या फ्यूज बॉक्समधून इंजेक्शनला काहीही घेऊ नका. बॅटरीच्या प्लसवरून एक वेगळी जाड वायर, ६ स्क्वेअर एमएमची, काढा, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच मेन फ्यूज लावा आणि तिथून नवीन ब्लेड फ्यूजच्या बॉक्सला न्या. त्यानंतर दोन रिले लागतात, एक मेन आणि एक पंपाचा. साध्या चार पिनांच्या रिलेत ३० नंबरला बॅटरीचा प्लस, ८७ वरून पुढे सप्लाय, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. मेन रिलेची कॉइल इग्निशनच्या चावीवर चालते. पंपाच्या रिलेच्या कॉइलला प्लस मेन रिलेकडून मिळतो आणि मायनस ईसीयू देतो. चावी फिरवली की ईसीयू दोनेक सेकंद पंप चालवून प्रेशर करतो आणि मग इंजिन फिरत असेल तरच चालू ठेवतो. ही सोय सुरक्षेसाठी आहे, अपघातात पाइप तुटला आणि पंप चालूच राहिला तर काय होईल विचार करा. म्हणून पंप सरळ चावीवर जोडून देणारा वायरमन भेटला तर त्याला नम्रपणे नाही म्हणा. जमलं तर पंपाच्या लाइनमध्ये धक्का बसल्यावर कट होणारा इनर्शिया स्विच पण टाका, स्क्रॅपमध्ये इंजेक्शनच्या जुन्या गाड्यांतून मिळून जातो.

आता चावीवरून सिग्नल घेताना सगळ्यात जास्त फसगत होते ती ही. जुन्या इग्निशन स्विचमध्ये काही वायरी स्टार्टर मारताना मुद्दाम बंद होतात, म्हणजे रेडिओ वगैरेच्या. तुम्ही मेन रिलेचा सिग्नल तिथून घेतला तर चावी ऑनला सगळं दिसतं आणि स्टार्टर मारला की ईसीयू मरतो, इंजिन गरागरा फिरतं पण सुरू होत नाही, चावी सोडली की क्षणभर फट् करतं. टेस्ट लॅम्प लावून दोन्ही वेळा बघा, चावी ऑन असताना पेटला पाहिजे आणि स्टार्टर फिरत असतानाही पेटलेलाच राहिला पाहिजे. दुसरी जागा म्हणजे कॉइलचा प्लस. काही गाड्यांत कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर असतो, त्याच्या पुढे १२ व्होल्ट मिळतच नाहीत, तिथून काही घेऊ नका.

फ्यूज वेगवेगळे ठेवा. ईसीयूला ५ किंवा साडेसात अँपियर, इंजेक्टरला १०, पंपाला १५, ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरला १०. सगळं एकाच फ्यूजवर टाकलं तर एक हीटर शॉर्ट झाला म्हणून अख्खी गाडी चोर्ला घाटात उभी राहते.

इंजेक्टरबद्दल बऱ्याच वायरमनचा गोंधळ होतो म्हणून सांगतो, ईसीयू इंजेक्टरला प्लस देत नाही. प्लस रिलेवरून कायम असतो, ईसीयू मायनस जोडतो आणि सोडतो. मल्टिमीटरने इंजेक्टरचा रेझिस्टन्स बघा, १२ ते १६ ओहम आला तर हाय इम्पिडन्स, सरळ जोडा. २-३ ओहम आला तर तसाच जोडू नका, ईसीयूचा ड्रायव्हर जळतो, त्याला वेगळा रेझिस्टर किंवा खास ड्रायव्हर लागतो.

अर्थिंग

हा भाग दोनदा वाचा. जुन्या गाडीत बॉडी म्हणजेच मायनस असं धरलेलं असतं, आणि आपल्याकडे पन्नास पावसाळे खाल्लेल्या बॉडीच्या जोडांवर गंज, त्यावर पुट्टी, त्यावर पेंट. हॉर्न त्यातूनही वाजतो. ईसीयूला ते चालत नाही.

कूलंट टेम्परेचर सेन्सर घ्या. तो थर्मिस्टर असतो, बॉश टाइपचा २० डिग्रीला साधारण अडीच हजार ओहम आणि ८० डिग्रीला तीनशेच्या आसपास. ईसीयू आतून ५ व्होल्ट देतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते वाचतो, थंड म्हणजे जास्त व्होल्ट, गरम म्हणजे कमी. आता त्या सेन्सरचा मायनस इंजिनवर बोल्ट केला आणि इंजिन आणि ईसीयूमध्ये ०.३ व्होल्टचा फरक पडला, तर ईसीयूला ते ०.३ जास्त दिसतात, त्याला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल वाढवतो. दिवे लावले की गाडी रिच, बंद केले की बरोबर, असा विचित्र आजार होतो आणि माणूस मॅप बदलत बसतो.

म्हणून सेन्सरचे सगळे मायनस, म्हणजे थ्रॉटल, कूलंट, हवेचं टेम्परेचर, एमएपी (मॅनिफोल्डमधलं हवेचं प्रेशर), हे फक्त ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडच्या पिनवरच परत आणायचे, बॉडीला किंवा इंजिनला कुठेही टेकवायचे नाहीत. आणि ईसीयूचे पॉवर ग्राउंड सगळे मिळून इंजिन ब्लॉकवर किंवा हेडवर एकाच बोल्टवर. तो बोल्ट निवडताना पेंट आणि गंज घासून चकचकीत धातू येईपर्यंत साफ करा, रिंग टर्मिनल, स्टार वॉशर, घट्ट, आणि वरून ग्रीस. बॅटरीपासून ब्लॉकला नवीन जाड केबल, ब्लॉकपासून बॉडीला वेगळी पट्टी.

मग तपासायचं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा, काळी प्रोब बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नाही, लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि कोणालातरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर छान. अर्धा व्होल्ट दिसला तर प्रोब एकेक टप्पा पुढे सरकवत बघा, खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं टोक, केबल ते ब्लॉक, जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. पुष्कळदा वरून नवीन दिसणाऱ्या केबलच्या लगमध्येच तो निघतो. रबर थोडं मागे सरकवलं की आत तांब्याच्या तारा हिरव्या पावडरीत बुडालेल्या असतात, नखाने खरवडलं तरी खाली लाल तांबं लागत नाही, नुसता काळा थर.

वायर, क्रिंप आणि खारी हवा

पणजी, वास्को, कोलवा, मोरजी, जिथे समुद्र जवळ तिथे हवेत मीठ आहे आणि चार महिने ओलावा. डिचोली, सत्तरी, सांगे बाजूला खाणीची बारीक लाल धूळ कनेक्टरच्या आत जाते आणि पावसात तिचा चिखल होतो. साधी तांब्याची वायर टोकाकडून आतपर्यंत काळी पडत जाते. बोटींच्या वायरिंगला वापरतात तशी टिनचा मुलामा असलेली वायर मिळाली तर तीच घ्या, महाग आहे पण इथे तिचा उपयोग आहे. नाही मिळाली तर चांगल्या कंपनीची ऑटो वायर. घराच्या वायरिंगची वायर नको, तिचं पीव्हीसी साधारण ७० डिग्रीपर्यंतचं, मॅनिफोल्डजवळ ते कडक होऊन तडकतं. सेन्सरला ०.५ किंवा ०.७५ स्क्वेअर, इंजेक्टरला १, पंपाला २.५, कारण टाकी मागे, अंतर जास्त. पंपाचा मायनस पण मागच्या गंजलेल्या पत्र्यावर न सोडता वायरनेच पुढे ग्राउंडपर्यंत आणा.

जोड शक्यतो नसावेतच, ईसीयूपासून सेन्सरपर्यंत एकच अखंड वायर. सोल्डरिंग मजबूत वाटतं पण टाका वायरमध्ये आतवर चढतो, ती जागा कडक होते आणि इंजिनच्या हादऱ्याने नेमकी तिच्या काठावर तुटते. बरोबर मापाच्या पान्याने केलेला क्रिंप चांगला, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, गरम केल्यावर टोकाला गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे. पक्कडीने दाबलेला क्रिंप म्हणजे क्रिंप नव्हे. प्रत्येक क्रिंप केल्यावर हाताने जोरात ओढून बघायचा, निघायचा असेल तर टेबलावर निघू दे. आणि ते चालू वायरला चिमटा मारून जोड घेणारे प्लास्टिकचे क्लिप गोव्यात दोन पावसाळे काढत नाहीत, कोणी लावले असतील तर काढून टाका. कनेक्टर रबर सील असलेलेच, सुपरसील किंवा वेदरपॅक.

ईसीयू केबिनमध्ये ठेवा, डॅशबोर्डखाली उंचावर. जमिनीवर, सीटखाली अजिबात नको, जुन्या गाडीत पावसात पायाखाली पाणी येतंच. कनेक्टरचं तोंड खाली आणि वायर आधी खाली उतरवून मग वर न्यायची म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावरच गळून पडतं. रिलेसुद्धा पिना खाली करून. फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार एक दिवस इन्सुलेशन कापते.

इंजिनच्या स्पीडचा सिग्नल

सगळ्यात नाजूक वायर ही. क्रँक पुलीवर ३६-१ किंवा ६०-२ दातांचं चक्र (३६ पैकी एक किंवा ६० पैकी दोन दात गाळलेलं) आणि समोर सेन्सर, हा उत्तम मार्ग. दोन वायरींचा व्हीआर (चुंबक आणि कॉइलवाला) सेन्सर असेल तर दोन्ही टोकं उलटसुलट चालत नाहीत, पोलॅरिटी चुकली की टायमिंग सरकतं. गॅप साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. वायर शील्डवाली घ्यायची आणि शील्ड फक्त ईसीयूच्या बाजूला ग्राउंड करायची, दुसरं टोक मोकळं, दोन्हीकडे ग्राउंड केलं तर शील्डमधूनच करंट वाहून उलट आवाज (नॉइज, म्हणजे सिग्नलमधली विजेची गडबड) वाढतो.

सुरुवातीला डिस्ट्रिब्युटर तसाच ठेवून फक्त पेट्रोलचं काम ईसीयूला द्यायचं असेल तरी हरकत नाही, पण मग कॉइलच्या मायनसवरून सिग्नल घेताना लक्षात ठेवा की तिथे शेकडो व्होल्टचे झटके येतात, त्यासाठी बनवलेल्या सर्किटमधूनच घ्या. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट्स उडत असतील तर आरपीएम नाचणार. सेन्सरच्या वायरी प्लगच्या केबलपासून लांब, ओलांडायचंच असेल तर काटकोनात. आणि प्लग रेझिस्टरवाले, केबल सप्रेशनवाल्या, या स्वस्त गोष्टीने अर्धे प्रॉब्लेम जातात.

ऑक्सिजन सेन्सर वाइडबँड (मिश्रण किती रिच किंवा लीन ते नेमकं सांगणारा) घ्या, बॉशचा एलएसयू ४.९ सगळीकडे वापरतात. सायलेन्सरच्या पाइपवर तो आडवा किंवा उलटा नको, वायरीची बाजू आडव्यापेक्षा किमान १० डिग्री वर ठेवून, म्हणजे पाणी त्यात साचत नाही. हीटर इंजिन सुरू झाल्यावरच चालू व्हावा, गरम सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला तर तो तडकतो.

पेट्रोलची बाजू

वायरिंगचं लिहितोय तरी हे सोडून चालणार नाही. कार्बोरेटरचा पाइप पाव-अर्ध्या बारवर चालतो, पोर्ट इंजेक्शनला ३ बार लागतात. जुना पाइप, जुने क्लिप सगळं फेकून द्या, इंजेक्शनच्या रेटिंगचा, आर-९ लिहिलेला पाइप आणि गोल इंजेक्शन क्लॅम्प. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात मऊ पडतं. टाकीला रिटर्न लाइन नसेल तर ती करावी लागेल. आणि काम करताना बॅटरी काढलेली, दार उघडं, पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, यात हयगय नको.

पहिल्यांदा चावी

ईसीयू न जोडताच सुरू करा. कनेक्टर मोकळा, चावी ऑन, सप्लायच्या पिनवर १२ व्होल्ट, ग्राउंडच्या पिनवर बीप, बाकी कुठल्याही सेन्सरच्या पिनवर १२ व्होल्ट आले तर तिथेच थांबा आणि शोधा. मग चावी बंद करून ईसीयू जोडा, इंजेक्टर आणि पंपाचे फ्यूज काढून ठेवा आणि लॅपटॉपवर आकडे वाचा. सकाळी थंड गाडीत कूलंट आणि हवा दोन्ही जवळजवळ सारखे, बाहेर जेवढं असेल तेवढे. एमएपी इंजिन बंद असताना १०० केपीएच्या आसपास, कारण आपण समुद्रसपाटीला आहोत. हीच गाडी चोर्ला घाटात वर नेली तर तिथे साधारण ९२ दिसेल, घाबरू नका, ते बरोबर आहे. पॅडल हळूहळू दाबा, थ्रॉटल ० ते १०० सलग जायला हवा, मध्ये उडी नको. स्टार्टर मारून आरपीएम बघा, १५० ते २५० मध्ये स्थिर. मध्येच शून्य किंवा तीन हजार दिसले तर सिग्नलमध्ये आवाज आहे, तो गेल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे सगळं बरोबर आलं की पंपाचा फ्यूज लावा, चावी ऑन-ऑफ करून प्रेशर करा आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवा, ओला झाला तर आधी ते. त्यानंतर इंजेक्टरचा फ्यूज. इंजिन सुरू झालं की ईसीयूकडे टायमिंग दिलं असेल तर टायमिंग लाइटने लॅपटॉपवरचा आणि पुलीवरचा आकडा जुळतो का बघा. मग हेडलाइट, वायपर, हॉर्न, पंखा एकेक चालू करत लॅपटॉपवर कूलंटचा आकडा हलतो का ते पहा, हलला तर परत अर्थिंगकडे.

वायरिंग गुंडाळायच्या आधी हे सगळं करा, टेप शेवटी. कुठली वायर कुठून कुठे, कुठला रंग, कुठला फ्यूज, हे हाताने कागदावर काढा, लॅमिनेट करा आणि डॅशबोर्डच्या खणात ठेवा, सोबत एक जादा रिले, दोनचार फ्यूज आणि जमलं तर एक क्रँक सेन्सर. पहिला पाऊस पडून गेल्यावर आणि परत चवथीच्या आसपास सगळे कनेक्टर एकदा उघडून बघा, पिनेवर हिरवं काही दिसलं तर ती पिन साफ करत बसू नका, कापून नवीन क्रिंप करा.